त्रिभुज प्रदेशाची साक्ष पुरती ऐकून घ्यावी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

समुद्राची पातळी वाढत आहे आणि शतकाअखेर अमुक त्रिभुज प्रदेशाचा इतका भाग पाण्याखाली जाईल, अशा बातम्या आणि त्यांच्यासोबतचे निळ्या रंगाने भरलेले नकाशे वृत्तपत्रांतून आता वरचेवर दिसतात. त्यांमागची चिंता खरी आहे. माझा आक्षेप नकाशा काढण्याच्या रीतीला आहे. जमिनीची आजची उंची घ्यायची, तिच्यातून पाण्याची संभाव्य वाढ वजा करायची आणि जे उणे निघेल ते निळे रंगवायचे, ही रीत खडकाळ किनाऱ्याला एक वेळ चालेल. त्रिभुज प्रदेशाला ती लागू पडत नाही, कारण तिथली जमीन म्हणजे नदी, समुद्र आणि भूपृष्ठ यांच्यात अखंड चाललेल्या जमाखर्चाची आजच्यापुरती शिल्लक असते. याच्या नेमके उलट, एखाद्या नदीच्या मुखाशी नवी जमीन वर आलेली पाहून ‘मग समुद्र वाढतोय कुठे?’ असे विचारणारेही भेटतात. दोन्हीकडे चूक एकच आहे : किनाऱ्याची जागा आणि समुद्राची पातळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे ध्यानात घेतले जात नाही. अनेक वर्षे भूशास्त्र शिकवलेला माणूस म्हणून याविषयी सविस्तर लिहावेसे वाटले. पत्र लांबले आहे, त्याबद्दल क्षमस्व.

नदी समुद्राला मिळते तिथे तिचा वेग मंदावतो आणि गाळ खाली बसतो, हे शालेय पुस्तकातले वाक्य खरे आहे, पण पुरेसे नाही. तेवढेच कारण असते तर प्रत्येक नदीच्या मुखाशी त्रिभुज प्रदेश दिसला असता. नर्मदा आणि तापी गाळ आणतात, पण खंभातच्या आखातातील भरती-ओहोटीचे प्रवाह इतके जोरकस आहेत की तो गाळ मुखाशी ठरत नाही. काँगो नदीच्या मुखातच समुद्रतळावरच्या खोल दरीची सुरुवात होते आणि नदीचा पुष्कळसा गाळ त्या दरीतून थेट खोल समुद्रात घसरत जातो. ॲमेझॉन प्रचंड गाळ आणते, परंतु लाटा, भरती आणि किनाऱ्यालगतचे प्रवाह यांमुळे तिचा त्रिभुज प्रदेश बहुतांशी पाण्याखालीच वाढतो. म्हणजे नदी गाळ किती आणते यापेक्षा, समुद्र त्यातला किती परत नेतो यावर जमीन उभी राहणे अवलंबून असते. विल्यम गॅलोवे या भूशास्त्रज्ञाने १९७५ साली त्रिभुज प्रदेशांची नदीप्रधान, लाटाप्रधान आणि भरतीप्रधान अशी मांडणी केली, ती आजही उपयोगी पडते. मिसिसिपीचा पक्ष्याच्या पंज्यासारखा पसरलेला आकार, नाईलचा लाटांनी घासून गोलसर केलेला किनारा आणि गंगा-ब्रह्मपुत्रेच्या मुखाशी असलेली खाड्यांची व बेटांची जाळी, हे या तीन बलांपैकी कोणाचा जोर अधिक, याचेच फरक आहेत. ‘डेल्टा’ हे नाव नाईलच्या आकारामुळे ग्रीक अक्षरावरून पडले आणि आपण त्याचे ‘त्रिभुज’ केले, पण जगातल्या कित्येक त्रिभुज प्रदेशांत त्रिकोण शोधूनही सापडत नाही.

गाळ बसण्याचेही दोन प्रकार आहेत. वाळू जड असते. पाण्याचा जोर कमी झाला की ती मुखाशीच दांडा होऊन पडते. चिकणमातीचे कण मात्र इतके बारीक असतात की केवळ वेग कमी झाल्याने ते खाली बसत नाहीत. वर्गात मी दोन काचेच्या पेल्यांत सारखेच गढूळ पाणी घेत असे आणि एकात चमचाभर मीठ घालून ढवळत असे. काही वेळाने मिठाच्या पेल्यात कणांचे पुंजके दिसू लागत, ते एकमेकांना चिकटून जड होत आणि हळूहळू तळाशी उतरत. तास संपेपर्यंत वरचे पाणी निवळायला लागलेले असे, तर शेजारचा पेला दुसऱ्या दिवशीही गढूळच असे. नदीचे गोडे पाणी खाऱ्या पाण्यात मिसळते तिथे हेच मोठ्या प्रमाणावर घडते. मुलांना त्रिभुज प्रदेश समजावण्यासाठी यापेक्षा सोपा आणि खात्रीचा प्रयोग मला सापडला नाही.

मुखाशी दांडा पडला की प्रवाह दुभंगतो, दोन फाटे होतात, त्यांच्या मुखाशी पुन्हा दांडे पडतात आणि जमीन समुद्रात पुढे सरकते. परंतु जमीन जितकी पुढे जाते तितका नदीचा मार्ग लांबतो, उतार कमी होतो, पात्र गाळाने उचलले जाते आणि शेवटी एखाद्या पुरात नदी नैसर्गिक पूरतट फोडून समुद्राकडे जाणारी जवळची वाट धरते. ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह अठराव्या शतकाच्या अखेरीस आणि एकोणिसाव्याच्या आरंभी जुने पात्र सोडून बांगलादेशातील आजच्या जमुनेच्या वाटेने गेला. चीनमधील पीत नदीने १८५५ मध्ये दक्षिणेचे मुख सोडून बोहाय समुद्राकडे मोहरा वळवला. मिसिसिपीने गेल्या काही हजार वर्षांत साधारण हजार-दीड हजार वर्षांच्या अंतराने अशी अनेकदा जागा बदलली, आणि आता तिला ॲचाफलाया या शेजारच्या नदीच्या वाटेने जायचे आहे. १९६३ साली पूर्ण झालेली, पाण्याचे नियंत्रण करणारी दारे तिला अडवून आहेत. नदीने सोडलेल्या भागाचे पुढे काय होते, हे नीट पाहण्यासारखे आहे. नवा गाळ येणे थांबते, खालचा ओला चिखल स्वतःच्या वजनाने दबत राहतो, दलदलीत उघडे पाणी पसरू लागते आणि समुद्राच्या अंगाला फक्त वाळूची बारीक बेटे उरतात. मिसिसिपीच्या पूर्वेकडची शँडलर बेटे ही अशाच एका सोडलेल्या भागाची उरलेली कड आहे. तेव्हा एकाच त्रिभुज प्रदेशात, एकाच काळी, समुद्राची पातळी तीच असताना, एका टोकाला जमीन वाढत असते आणि दुसऱ्या टोकाला बुडत असते. यांपैकी एकच टोक पाहून समुद्र चढला की उतरला हे सांगू पाहणारा माणूस फसणारच.

मग त्रिभुज प्रदेशातून समुद्राची पूर्वीची पातळी कळते तरी कशी? याचा पहिला स्पष्ट धडा समुद्रकाठी नव्हे, तर एका आटलेल्या सरोवरात मिळाला. अमेरिकेतील ग्रेट सॉल्ट लेक हे बॉनव्हिल नावाच्या हिमयुगीन विशाल सरोवराचे अवशेष आहे. त्या सरोवराच्या काठचे कोरडे पडलेले त्रिभुज प्रदेश ग्रोव्ह कार्ल गिल्बर्ट यांनी १८८० च्या दशकात अभ्यासले. नाल्यांनी ते मधोमध चिरलेले असल्यामुळे आतले थर उघडे पडले होते : तळाशी बारीक मातीचे आडवे थर, त्यांवर पाण्याच्या दिशेने तिरपे उतरत गेलेले जाड वाळू-गोट्यांचे थर आणि सर्वांत वर पुन्हा जवळजवळ आडवे थर. तिरपे थर पाण्याखाली पडतात आणि वरचे आडवे थर नदीच्या पात्रात. म्हणून जिथे तिरपा थर संपून आडवा सुरू होतो ती रेघ म्हणजे त्या काळची पाण्याची पातळी. पाणी स्थिर असेल तर ही रेघ आडवी पुढे जाते, पाणी चढत असेल तर ती पायरीपायरीने वर चढते, उतरत असेल तर खाली येते. गिल्बर्ट यांना याच अभ्यासात आणखी एक गोष्ट आढळली, आणि माझ्या मते तीच अधिक मोलाची आहे : एकाच काळच्या, मुळात सपाट असलेल्या काठाच्या खुणा सरोवराच्या मध्यभागी कडेपेक्षा कित्येक मीटर उंच भरत होत्या. पाण्याचे ओझे गेल्यावर खालचे भूपृष्ठच वर उचलले गेले होते. पाणी मोजायला निघालेल्या माणसाला जमीनही हललेली आढळली, आणि तेव्हापासून या विषयात कोणतीही पातळी ‘जमिनीच्या सापेक्ष’ असे म्हटल्याशिवाय सांगता येत नाही.

ही रीत किती दूरवर चालते याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. मंगळावरील जेझेरो विवरात २०२१ मध्ये उतरलेल्या पर्सिव्हिअरन्स गाडीने एका सुळक्याची छायाचित्रे पाठवली, त्यांत हेच तळाचे, तिरपे आणि वरचे थर दिसले. त्यांच्या उंचीवरून शास्त्रज्ञांनी अनुमान काढले की हा त्रिभुज प्रदेश घडताना तिथल्या सरोवराची पातळी आधी मानली होती त्यापेक्षा सुमारे १०० मीटर खाली होती.

समुद्रकाठच्या मोठ्या त्रिभुज प्रदेशात असे उघडे काप मिळत नाहीत. तिथे बोअर घ्यावे लागते. नळीतून वर आलेला मातीचा दंड उभा चिरून टेबलावर ठेवलेला मी पहिल्यांदा पाहिला तो क्षण अजून डोळ्यांसमोर आहे. वरच्या टोकाला तांबूस-तपकिरी माती, तिच्यात मुळांच्या बारीक नळ्या आणि गंजाचे ठिपके. त्याखाली काळसर, तंतूतंतू दिसणारा पीटचा थर, म्हणजे पुरत्या न कुजलेल्या दलदली वनस्पतींचा लगदा. बोटाने दाबला तर पाणी सुटे आणि सडक्या अंड्यासारखा वास येई. त्याखाली करड्या मातीत केसाएवढ्या वाळूच्या रेघा, दोन-दोनच्या जोड्यांनी, भरतीचा पट्टा असल्याचे सांगणाऱ्या. आणखी खाली अंगठ्याएवढी कालवे, दोन्ही शिंपा जोडलेल्या अवस्थेत. शिंपा जोडलेल्या होत्या, म्हणजे ती कालवे कुठून वाहून आली नव्हती, तिथेच जगली आणि तिथेच मेली. तळाशी मात्र एकदम कडक, पिवळट, भेगाळलेली माती : हिमयुगात समुद्र दूर गेलेला असताना उघडी पडून उन्हात तापलेली जुनी जमीन. हाताच्या अंतरात कोरडी भूमी, मग खाडी, मग भरतीची दलदल, मग पूरमैदान, असा हजारो वर्षांचा क्रम पडला होता, आणि तो वाचायला तळापासून वर जावे लागत होते.

यातून पातळी काढायची ती अशी. फोरॅमिनिफेरा आणि डायटम या सूक्ष्म जीवांच्या काही जाती भरतीच्या ठरावीक पट्ट्यातच राहतात. त्यांची कवचे कोणत्या थरात आहेत त्यावरून तो थर त्या वेळच्या समुद्रसपाटीपासून किती उंचीवर पडला असावा, हे काही दशांश मीटरच्या फरकाने सांगता येते. वय कार्बन-१४ वरून मिळते, ज्याचे अर्धायुष्य ५,७३० वर्षे असून सुमारे ५० हजार वर्षांपर्यंतच त्याचा भरवसा धरता येतो. वाळूच्या कणांनी शेवटचा सूर्यप्रकाश केव्हा पाहिला हे मोजण्याचीही आता पद्धत आहे. खाचखळगे पुष्कळ आहेत. समुद्री शिंपल्यांतला कार्बन मुळातच जुना असल्याने त्यांचे वय काही शतकांनी जास्त येते आणि ते दुरुस्त करावे लागते. पीट दबतो, त्यामुळे आज तो पडला त्यापेक्षा खाली सापडतो. म्हणून जाणकार लोक कडक, न दबणाऱ्या जुन्या जमिनीवर थेट टेकलेला पीटचा पहिला थर शोधतात. समुद्र चढू लागला की भूजलही वर येते, कोरड्या जमिनीची दलदल होते आणि त्या क्षणाची नोंद त्या पहिल्या थरात राहते.

अशाच थरांतून ऱ्हाइन-म्यूज नद्यांच्या मुखप्रदेशात, नेदरलँड्समध्ये, सुमारे ८,४५० वर्षांपूर्वी समुद्र एरवीच्या चढाखेरीज जवळपास दोन मीटरने उसळल्याची नोंद हाती आली. तिचा संबंध उत्तर अमेरिकेतील बर्फाने अडवलेल्या प्रचंड सरोवराचे पाणी समुद्रात मोकळे होण्याशी लावला जातो. दलदलीतल्या झाडोऱ्याने इतक्या दूरची घटना नोंदवून ठेवावी, हे मला आजही थक्क करते.

आता जगभरच्या त्रिभुज प्रदेशांचे वय पाहू. सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी, हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्र आजच्यापेक्षा साधारण १२० ते १३० मीटर खाली होता. नद्या आजच्या समुद्रबूड जमिनीवर दऱ्या कोरत जात आणि त्यांचे त्रिभुज प्रदेश त्या जमिनीच्या कडेशी, आज खोल पाण्याखाली असलेल्या जागी, घडत. मग बर्फ वितळू लागले. सुमारे १४,६०० वर्षांपूर्वीच्या एका टप्प्यात तर समुद्र काही शतकांत १४ ते १८ मीटर चढला. त्यानंतरही साधारण ११ हजार ते ८ हजार वर्षांपूर्वीच्या काळात सरासरी चढ शंभर वर्षांत दीड मीटरच्या आसपास होता. या वेगापुढे नद्यांचा टिकाव लागला नाही. मुखे मागे हटत राहिली आणि जुन्या दऱ्यांच्या खाड्या झाल्या. डॅनियल स्टॅनली आणि अँड्र्यू वॉर्न यांनी १९९४ साली जगभरच्या त्रिभुज प्रदेशांतील बोअरांच्या वयांची तुलना केली, तेव्हा त्यांपैकी बहुतेकांची सुरुवात ८,५०० ते ६,५०० वर्षांपूर्वीच्या एकाच काळात झाल्याचे निघाले. नद्या वेगळ्या, हवामान वेगळे, खंड वेगळे. सर्वांना समान अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे समुद्राच्या चढाचा वेग त्या सुमारास मंदावला. समुद्र तेव्हाही चढतच होता, फक्त सावकाश. ज्या सुपीक सपाट भूमीला आपण अनादि समजतो ती वयाने इतकी लहान आहे, आणि तिचा जन्म पातळीने नव्हे, वेगाने ठरवला.

गंगा-ब्रह्मपुत्रेचा अपवाद हा नियम अधिक स्पष्ट करतो. तिथे त्रिभुज प्रदेशाची वाढ सुमारे ११ हजार वर्षांपूर्वीच, समुद्र झपाट्याने चढत असताना, सुरू झाली. त्या काळी मान्सून आजच्यापेक्षा जोरदार होता आणि हिमालयातून येणारा गाळ आजच्या दुपटीहून अधिक होता. आजही हा आकडा वर्षाला सुमारे १०० कोटी टनांच्या घरात आहे. पुरवठा तेवढा असेल तर चढत्या समुद्रालाही थोपवता येते. मात्र कायमचे नाही, आणि हे जपानी भूशास्त्रज्ञ तेत्सुजी मुतो यांनी प्रयोगांतून फार सुंदर रीतीने दाखवले आहे. पाण्याच्या टाकीत एका बाजूने ठरावीक वेगाने वाळू सोडायची आणि पाणीही ठरावीक वेगाने चढवत राहायचे. आरंभी किनारा पुढे जातो, मग रेंगाळतो आणि काहीही बदललेले नसताना मागे फिरतो. कारण साधे आहे : त्रिभुज प्रदेश वाढतो तसे त्याचे क्षेत्रफळ वाढते, आणि तेवढीच वाळू आता अधिक मोठ्या पृष्ठावर पसरावी लागते. माघार पाहून कोणी म्हणेल की समुद्राचा वेग वाढला किंवा नदीचा गाळ घटला, पण दोन्ही स्थिर होते.

म्हणूनच या साक्षीदाराची उलटतपासणी घेतल्याशिवाय त्याचे म्हणणे मान्य करू नये. तुर्कस्तानातील मिलेटस हे प्राचीन बंदर आज समुद्रापासून कित्येक किलोमीटर आत आहे, आणि ज्या लाडे बेटापाशी इ. स. पूर्व ४९४ मध्ये आयोनियन ग्रीक व इराणी आरमारांची लढाई झाली ते बेट आता मेंडेरेस नदीच्या गाळाच्या मैदानातली टेकडी होऊन बसले आहे. समुद्र तिथून खाली उतरला म्हणून हे झाले नाही. खाडी नदीने भरून काढली. इटलीतील पो नदीच्या मुखाशी उलटे घडले. तिथे १९३८ ते १९६१ या काळात मिथेन वायूसाठी जमिनीखालचे वायुयुक्त पाणी उपसले गेले आणि काही भागांत जमीन तीन मीटरच्या आसपास खचली. तिथल्या एखाद्या खांबावरची खूण वाचून समुद्र पंचवीस वर्षांत तीन मीटर चढला असा निष्कर्ष काढणे जितके हास्यास्पद, तितकेच आजच्या किनारारेषेवरून केवळ समुद्राला दोष देणे किंवा निर्दोष ठरवणे चुकीचे आहे. तज्ज्ञही यातून सुटलेले नाहीत. पीटर वेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये समुद्रतळाखालच्या थरांच्या कंपनचित्रांवरून कोट्यवधी वर्षांचा जागतिक समुद्रपातळीचा आलेख मांडला. त्याने विषयाला मोठी चालना दिली, पण गाळाचा पुरवठा आणि जमिनीची हालचाल यांतूनही तशाच रचना तयार होतात, हा आक्षेप त्याला चिकटला तो कायमचा.

साक्ष नीट तपासली तर ती किती खोलवर जाते, हे पाहायला नाईलकडे जावे. अस्वान धरणाच्या पायासाठी बोअर घेत असताना रशियन भूशास्त्रज्ञ चुमाकोव्ह यांना आजच्या नदीतळाच्या पुष्कळ खाली, ग्रॅनाइटमध्ये कोरलेली अरुंद घळ आढळली आणि तिच्या तळाशी समुद्री जीवांचे अवशेष असलेली माती. भूमध्य समुद्रापासून हजाराहून अधिक किलोमीटर आत समुद्र शिरला कसा? उत्तर पुढे मिळाले : सुमारे ६० ते ५३ लाख वर्षांपूर्वी अटलांटिकशी असलेला संबंध तुटून भूमध्य समुद्राची पातळी इतकी खाली गेली की नाईलला कैरोच्या परिसरात दोन किलोमीटरहून खोल दरी कोरावी लागली, आणि समुद्र परत भरल्यावर ती दरी खाडी बनून अस्वानपर्यंत पोहोचली. आजचा हिरवागार नाईल त्रिभुज प्रदेश त्या भरलेल्या दरीच्या तोंडावर उभा आहे.

या सगळ्या नोंदी हाती असताना आजचा प्रश्न मांडताना आपण त्या वापरत नाही, ही माझी खरी खंत आहे. २००६ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर या वेगाने वाढली. आकडा किरकोळ वाटतो. परंतु मिसिसिपीच्या मुखप्रदेशातील गेल्या साडेआठ हजार वर्षांच्या शेकडो बोअरांच्या नोंदी तपासून २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखवले की जमिनीच्या सापेक्ष समुद्राची वाढ वर्षाला ३ मिलिमीटरच्या वर गेली की दलदली काही शतकांत बुडतात, आणि ती ६ ते ९ मिलिमीटरच्या वर गेली तर सुमारे ५० वर्षांतच त्यांचे उघडे पाणी होते. तेव्हा निर्णायक आकडा एकट्या समुद्राचा नसून समुद्राची वाढ, जमिनीचे खचणे आणि त्यांतून वजा होणारी गाळाची भर यांचा मिळून आहे. खचणे पाण्याच्या आणि वायूच्या उपशाने वाढते. गाळ धरणांत अडतो : १९७० मध्ये अस्वानचे मोठे धरण पूर्ण झाल्यापासून नाईलचा गाळ मुखापर्यंत जवळजवळ पोहोचतच नाही आणि रोझेटाजवळचा किनारा झिजत गेला. शिवाय पूरतटांवर बांध घातले की जो थोडा गाळ येतो तोही शेतांवर न पसरता थेट समुद्रात जातो. लुइझियाना राज्याने १९३२ पासून सुमारे ४,९०० चौरस किलोमीटर किनारी जमीन गमावली ती या सर्वांच्या मिळून परिणामाने.

त्याच लुइझियानात वॅक्स लेक नावाची एक जागा आहे. पुराचे पाणी वाट काढून देण्यासाठी १९४० च्या दशकाच्या आरंभी तिथे एक कालवा खोदला. त्याच्या मुखाशी पाण्याखाली गाळ साठत राहिला आणि १९७३ च्या मोठ्या पुरानंतर तिथे जमीन वर आली. ती आजही वाढते आहे. समुद्र तिथेही तोच, तितकाच चढणारा आहे. फरक एवढाच की नदीला तिथे गाळ टाकू दिला जातो. निळ्या रंगाच्या नकाशात ही जागा बुडणाऱ्यांत धरली जाईल आणि उपशाने खचणारी, आज दोन हात उंच दिसणारी जमीन सुरक्षित धरली जाईल, ही त्या रीतीतली मुख्य चूक आहे.

म्हणून आपल्याकडे दोन विनंत्या आहेत. पहिली अशी की त्रिभुज प्रदेशाविषयीच्या बातमीत समुद्राची वाढ, जमिनीचे खचणे आणि गाळाची आवक हे तीन आकडे उपलब्ध असतील तेव्हा वेगवेगळे छापावेत, आणि एखादा उपलब्ध नसेल तर तसे स्पष्ट लिहावे. वाचकाला तीन आकडे झेपतात. शिवाय कोणता भाग माणसाच्या हातात आहे, हे त्यांवरूनच कळते.

दुसरी विनंती बोअरांविषयी आहे आणि ती आपल्या वाचकांतील अभियंते, कंत्राटदार आणि विहिरी-कूपनलिका खोदणाऱ्यांना उद्देशून आहे. मुखप्रदेशात पुलाच्या पायासाठी किंवा पाण्यासाठी जे बोअर घेतले जाते त्यातून वर येणारी माती बहुधा कडेला टाकून दिली जाते, आणि पावसात ती वाहून जाते. भूशास्त्रज्ञाला तेच बोअर पुन्हा घ्यायला वर्षानुवर्षे पैसा मिळत नाही. जागेचे अक्षांश-रेखांश, जमिनीची समुद्रसपाटीपासूनची मोजलेली उंची आणि रंग किंवा पोत बदलला ती प्रत्येक खोली, एवढे वहीत टिपून ठेवले आणि काळा तंतुमय थर किंवा जोडलेल्या शिंपा लागल्यास त्या खोलीची मूठभर माती पाणी न घालता पिशवीत घट्ट बांधून, आतबाहेर खोली लिहून, जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागाकडे पोहोचवली, तर ती चाचणीच्या कामी येईल. उंची मात्र अंदाजाने लिहू नये. ती चुकली तर बाकीची सर्व नोंद पातळीच्या हिशेबाला निरुपयोगी ठरते.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भूशास्त्र अध्यापक